त्याच लाइनवरून आणखी एक प्लग पॉइंट काढताना

‘बोर्ड शेजारीच आहे, त्यातूनच एक पॉइंट काढून द्या’ ही मागणी आमच्याकडे नेहमी येते. बहुतेक वेळा ते जमतंही. पण आम्ही आधी डीबी (घरातल्या सगळ्या लाइन जिथून निघतात ती पेटी) उघडतो, कोणत्या एमसीबीवर (लोड जास्त झाला की आपोआप पडून लाइन बंद करणारा स्विच) काय काय चालतं ते पाहतो आणि वायरची जाडी तपासतो.

पॉइंट वाढले म्हणून लाइनची ताकद वाढत नाही. 16 अँपिअरच्या एमसीबीवर 230 व्होल्टला साधारण 3,680 वॅट मिळतात, मग पॉइंट दोन असोत की सहा. त्यावर 2,000 वॅटचा गीझर आणि तेवढाच हीटर एकदम चालवला की मर्यादा ओलांडली. एमसीबी लगेच पडेलच असंही नाही. लोड थोडाच जास्त असेल तर ती बराच वेळ तग धरते आणि तेवढा वेळ वायर तापत राहते. ‘मग मोठी एमसीबी टाका’ असा आग्रह कृपया धरू नका. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असते. जुन्या वायरवर मोठी एमसीबी बसवली तर ती पडण्याआधी वायरचं इन्सुलेशन जळेल.

चार्जर, टीव्ही, राउटर, टेबल लॅम्प यांना आहे ती लाइन सहसा पुरते. गीझर, एसी, ओव्हन यांच्यासाठी डीबीपासून वेगळी लाइनच ओढावी लागते. दिव्यांच्या लाइनवरून पॉवर पॉइंट आम्ही काढत नाही.

जुन्या घरात अर्थिंगची वायरच नसेल तर आधी ती ओढू. तीन पिनच्या सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल जोडून देण्याची पळवाट काही जण काढतात. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर उपकरणाच्या धातूच्या भागात करंट उतरतो. हे काम आम्ही कुणी कितीही म्हटलं तरी करणार नाही.

फेज आणि न्यूट्रल एकाच लाइनचे घेतो, नाहीतर आरसीसीबी (करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच) विनाकारण पडत राहते. जॉइंट बॉक्सच्या आतच असतो. पिळून टेप गुंडाळलेला आणि प्लास्टरखाली गाडलेला जॉइंट सैल झाला की तापतो, आणि तो सापडतही नाही.

आम्ही येण्यापूर्वी कॉम्प्युटर बंद करून ठेवा, डीबीसमोरचं सामान हलवा आणि नव्या पॉइंटवर काय लावणार आहात ते फोनवरच सांगा, म्हणजे योग्य वायर घेऊन येता येईल.