स्कॉलरशिपचा सीव्ही करायला येताय? आधी तारखा गोळा करा

सीझनला रोज तोच प्रश्न, "सर, सीव्ही किती दिवसात होईल?" खरं सांगू का, टायपिंग-सेटिंग धरून अर्ध्या दिवसाचं काम आहे. आठ दिवस जातात ते तुमच्या तारखांपायी. म्हणून हे लिहून काउंटरवर ठेवलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर पण पाठवतोय, यायच्या आधी एकदा वाचा.

बहुतेक जण प्लेसमेंटचा बायोडाटाच घेऊन येतात, वर करिअर ऑब्जेक्टिव्ह, खाली वडिलांचं नाव आणि हॉबीज. ते आम्ही काढून टाकतो, त्याला वेळ लागत नाही. अडतं ते "2019-2021, साइट इंजिनिअर" इथे. 2019 चा जानेवारी की डिसेंबर? म्हणजे अनुभव तीन वर्षांचा की जेमतेम वर्षाचा? जर्मनीच्या डाड (DAAD) या संस्थेच्या ईपॉस (EPOS) स्कॉलरशिपला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपवाले तर कामाचे तासच मोजतात, किमान 2800. तिथे नुसतं साल लिहून कसं भागेल. त्यात एक्स्पीरियन्स लेटरवर जॉइनिंग 16 ऑगस्ट, बायोडाट्यात जुलै, ऑनलाइन फॉर्ममध्ये जून, मग आम्ही फोन करतो, तुम्ही म्हणता "बघून सांगतो", लेटर गावाकडच्या ट्रंकेत, गेले चार दिवस.

आणि गॅप. आपल्या मुलांचा गॅप म्हणजे बऱ्याचदा एमपीएससी. ती दोन वर्षं झाकायला "आधीची नोकरी जरा पुढे ओढा ना" म्हणणारे येतात. आम्ही ओढत नाही. यावरून एकदोघं चिडून समोरच्या दुकानात गेले, जाऊ देत. अहो, कंपनीचं सर्टिफिकेट सोबत जोडायचंच असतं, त्यावर तारखा छापलेल्या असतात! सरळ लिहा, जून 2020 ते मे 2022, स्पर्धा परीक्षेची तयारी. त्या काळात शिकवण्या घेतल्या असतील, गावातलं काही काम केलं असेल तर तेही सांगा. एक मुलगा पाण्याच्या कोर्सला अर्ज करत होता, चहा पिताना सहज बोलला की तलावातला गाळ काढला तेव्हा ट्रॅक्टरच्या खेपांचा हिशोब मीच ठेवायचो. हे बायोडाट्यात कुठेच नव्हतं, त्याला वाटलं हे काय सांगायचं! खेपांच्या आकड्यासकट वर घेतलं.

"युरोपास (Europass) फुकट आहे, मग पैसे कशाचे?" असंही विचारतात. फुकटच आहे, सीव्ही बनवायची युरोपियन युनियनची साइट आहे, घरी बसून खुशाल भरा. आम्ही घेतो ते शेजारी बसवून खोदून खोदून विचारायचे आणि लेटर, मार्कशीट, फॉर्म, सीव्ही हे चारही कागद एकमेकांशी जुळवायचे. घरी केलेला आणलात तर नुसतं तपासायचे 300.

सीजीपीएचे टक्के मनाने करू नका. 10 पैकी 8.1 असंच लिहा, कारण जर्मनीत 1 म्हणजे सगळ्यात भारी आणि 4 म्हणजे काठावर पास, नुसतं 8.1 बघून त्यांना काय कळणार. "जर्मन चांगली येते" पण नको, भाषेची लेव्हल लिहा, ए2 असेल तर ए2. ईपॉसला सीव्हीवर हाताने केलेली सही मागतात, प्रिंटवर पेनने करून स्कॅन करायची, मोबाइलमधली चिकटवायची नाही. स्कॅन इथेच होईल.

येताना एका कागदावर बारावीपासून आजपर्यंतचं सगळं महिना-वर्षासकट लिहून आणा आणि कशाचा कागद हातात आहे, कशाचा नाही तेही समोर लिहा. असा कागद घेऊन सकाळी आलात तर संध्याकाळी सीव्ही तयार. 1500 रुपये, दोन दुरुस्त्या त्यातच, पण तुम्हीच दिलेली तारीख नंतर बदललीत तर तिचे 150 वेगळे. गुरुवारी दुकान बंद असतं, आणि बुधवारी रात्री दहाला "सर उद्या लास्ट डेट आहे" असा मेसेज आला तरी बंदच असतं.