बारा वर्षांची व्हिस्की आणि विदर्भाचं ऊन

भट्टीतून उतरणारी दारू पाण्यासारखी स्वच्छ असते. गडचिरोली-गोंदियाकडची मोहाची जशी, तशीच स्कॉटलंडमधली ताजी व्हिस्कीही. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिला मान मिळतो, ती धार तिथे पिण्यासाठी न ठेवता बाजूला काढतात, कारण नको असलेली हलकी रसायनं तिच्यात जास्त असतात. हे गावोगावी माहीत व्हायला हवं.

व्हिस्कीला रंग आणि बरीचशी चव येते ती ओकच्या पिंपात. पिंप आतून शेकलेलं किंवा जाळलेलं असतं. त्या आचेने लाकडातलं लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होतं, हेमिसेल्युलोजपासून भाजक्या साखरेचा स्वाद येतो, टॅनिन तुरटपणा देतं. लेबलवरचं वय म्हणजे फक्त हा पिंपातला काळ. बाटलीत भरली की वाढ थांबते. कपाटात दहा वर्षं ठेवलेली १२ वर्षांची बाटली १२चीच राहते.

स्कॉच व्हिस्कीचे २००९चे नियम कडक आहेत. ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेलं ओकचं पिंप, त्यात किमान ३ वर्षं, आणि मिश्रणातल्या सगळ्यात लहान व्हिस्कीचं वय तेच बाटलीचं वय. ३० वर्षांच्या पिंपात ५ वर्षांची थोडी जरी मिसळली, तरी लेबलवर वय लिहायचं तर ५च लिहावं लागतं. पण गडद रंगावरून वय ओळखू नये. साधं कॅरॅमल घालून रंग आणायला स्कॉचलाही परवानगी आहे.

आता उन्हाकडे येऊ. पिंपातून दारू सतत उडत असते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण २ टक्के, तर बंगळुरूसारख्या ठिकाणी १० टक्क्यांच्या आसपास. २०० लिटरच्या पिंपाचा हिशेब करा: १२ वर्षांनी तिकडे सुमारे १५७ लिटर उरेल, इकडे जेमतेम ५६. म्हणूनच २००४ साली ग्लासगोत बाजारात आलेल्या बंगळुरूच्या अमृत सिंगल माल्टसारख्या (सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत मोड आणलेल्या जवापासून केलेली व्हिस्की) भारतीय माल्टच्या बहुतेक बाटल्यांवर वय नसतं, आणि ८ वर्षांची बाटली आली तेव्हा तिचं नावच ‘ग्रीडी अँजल्स’, म्हणजे हावरे देवदूत, ठेवलं गेलं; पिंपातून उडून जाणाऱ्या दारूला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात.

नवतप्यात चंद्रपूरला पिंप ठेवलं तर आणखी एक गोष्ट घडेल. कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि पावसाळ्यात नुसती चिकचिक करतो, कारण कोरडी हवा पाणी ओढते, ओली हवा ओढत नाही. पिंपातही तसंच. कोरड्या उन्हाळ्यात पाणी जास्त उडून दारूची तीव्रता वाढू शकते. दमट हवेत अल्कोहोल जास्त जाऊन ती उतरते. उष्णतेने लाकडातले घटक लवकर सुटतात हेही खरं. पण ‘इथलं एक वर्ष म्हणजे तिथली तीन’ हे मला अर्धंच पटतं. पिंपात हवेशी संथपणे होणाऱ्या क्रिया त्याच वेगाने पळत नाहीत, आणि लाकूड जास्त उतरलं की चव कडवट होते. तेव्हा वयाचा आकडा एकाच हवामानातल्या बाटल्यांमध्ये तुलनेला बरा. स्कॉच आणि भारतीय माल्ट त्यावर तोलणं अन्यायाचं.

तालुक्याच्या दुकानात मात्र वयाचा प्रश्न फारसा येतच नाही. तिथल्या स्वस्त व्हिस्कीत मोठा भाग बहुधा मळीच्या किंवा धान्याच्या न्यूट्रल स्पिरिटचा, म्हणजे जवळपास शुद्ध, चव नसलेल्या अल्कोहोलचा असतो, ज्याने पिंप पाहिलेलंच नसतं. ‘८ पीएम’मधला ८ हा वेळ आहे, वय नव्हे. जून २०२५मध्ये राज्याने भारतातच बनणाऱ्या स्वस्त ‘विदेशी’ मद्यावरचं शुल्क निर्मितिखर्चाच्या तीनपटीवरून साडेचारपट केलं, आणि १८० मिलीची किमान किंमत देशीला ८०, विदेशीला २०५ रुपये ठरली. या फरकात वयापेक्षा कराचा वाटा फार मोठा आहे. वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी असल्याने चोरून येणाऱ्या बाटलीच्या लेबलवर तर विश्वासच ठेवू नये. विषारी मेथॅनॉल मिसळलेलं असेल तर ते डोळ्याला दिसत नाही.

४२.८ टक्के तीव्रतेच्या १८० मिलीत सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. २०५ रुपयांची क्वार्टर असो की हजारोंचा जुना माल्ट, तीव्रता तीच असेल तर यकृताला पचवावे लागणारे ग्रॅमही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात १९८८ सालीच घातलं आहे, आणि त्या यादीत वयाचा रकाना नाही.