बोन ग्राफ्ट: ‘एक तृतीयांश’चा नियम

बोन ग्राफ्ट म्हणजे हाडातली पोकळी दुसऱ्या हाडाच्या तुकड्यांनी भरणं. सतराव्या शतकात एका सैनिकाच्या कवटीला कुत्र्याच्या हाडाचा तुकडा बसवल्याची नोंद आहे. १८८० च्या सुमारास ग्लासगोत एका मुलाच्या दंडात इतर रुग्णांची हाडं रोवली गेली. पण ऑपरेशनआधी नातेवाईक आज जे विचारतात, ‘कमरेचं हाड काढणार का?’, ते रूढ झालं प्लेट, म्हणजे मोडलेलं हाड स्क्रूनं धरून ठेवणारी धातूची पट्टी, आल्यावर.

१९५८ नंतर स्वित्झर्लंडमधून प्लेट-स्क्रूचं तंत्र जगभर पसरलं. तुकडे घट्ट जुळवायचे म्हणून हाड लांबवर उघडं केलं जाई आणि त्याला रक्त पुरवणारा वरचा पापुद्रा सोलला जाई. चुरा झालेली जागा मग लवकर भरत नसे, आणि सगळा भार पेलून प्लेट तुटे. उपाय म्हणून पोकळीत कमरेच्या हाडाचे तुकडे भरू लागले. १९७५ मध्ये कोपर ते मनगट या भागातल्या फ्रॅक्चरवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. त्यात ९६ ते ९८ टक्के हाडं जुळली आणि सल्ला निघाला: हाडाच्या घेराच्या एक तृतीयांशाहून जास्त चुरा असेल तर ग्राफ्ट घाला. पुढच्या पिढ्यांनी त्याचा नियमच केला.

किंमत रुग्णाची कंबर मोजत होती. छिन्नीनं काढलेले ते लालसर, स्पंजासारखे तुकडे ओल्या गॉजमध्ये ठेवलेले दिसतात एवढेसेच. पण टाके निघाल्यावर रुग्ण हाताचं नाव काढत नाही, कमरेवरच हात ठेवतो. काहींची मांडी बाहेरच्या बाजूनं बधिर राहते. १९९० च्या दशकात ग्राफ्ट घातलेले आणि न घातलेले रुग्ण पडताळले, तर जुळण्यात फरक सापडला नाही. पापुद्रा जपून प्लेट बसवली की ताज्या फ्रॅक्चरला बहुधा ग्राफ्ट लागतच नाही. हे कळायला वीसेक वर्षं लागली, ही फार झाली.

‘ग्राफ्ट लागला’, म्हणजे रुजला, हा शब्दप्रयोगही फसवा आहे. झाडाच्या कलमासारखा तो तुकडा जगत नाही. त्यातल्या बहुतेक पेशी मरतात आणि त्याच्या सांगाड्यावरून नवं हाड महिनोन्‌महिने सरकत येतं. म्हणूनच मृत दात्याचं, निर्जंतुक केलेलं हाडही काही ठिकाणी चालतं. मुंबईत एका कर्करोग रुग्णालयात १९८८ पासून अशी हाडं साठवणारी ऊतीपेढी (टिश्यू बँक) आहे. हाड वाढवणाऱ्या प्रथिनाचा माग १९६५ मध्ये लागला. नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी त्याला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली.

न जुळलेलं किंवा अपघातात रस्त्यावरच राहिलेलं हाड मात्र वेगळं. तिथे आधी पोकळीत हाडांसाठीचं खास सिमेंट ठेवतात, सहा-आठ आठवड्यांत त्याभोवती पडदा तयार होतो, आणि मग त्या पडद्याच्या पिशवीत रुग्णाचंच, दुसऱ्या जागेवरून काढलेलं हाड भरतात.