‘उघडलं’ कधी म्हणायचं? अवघड कुलपांच्या यादीची पार्श्वभूमी

नाशिकच्या मेन रोडवर कुलूप घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती लिव्हरचं देऊ?’ लिव्हर म्हणजे चावीने ठरावीक उंचीवर उचलायच्या आतल्या पट्ट्या. सहा, सात, आठ. आकडा वाढला की किंमत वाढते आणि गिऱ्हाईक निर्धास्त होतं. छंद म्हणून कुलपं उघडणारे मात्र या आकड्याला फारसं महत्त्व देत नाहीत. लिव्हर सैल बसवलेले असतील, खाचा ऐसपैस कापलेल्या असतील, तर आठ लिव्हरही एकेक करून उचलले जातात. उलट डमरूसारख्या, मधे कंबर असलेल्या पाच पिनांचं (चावी उचलते त्या छोट्या दांड्यांचं) नीट बनवलेलं सिलिंडर नवख्याला महिनाभर दाद देत नाही. सिलिंडर जरासं फिरतं, आता उघडणार असं वाटतं आणि तिथेच अडतं. अशा वेळी जोर वाढवला की डाव गेला. टेन्शन, म्हणजे सिलिंडर फिरवायला दिलेला हलका दाब, किंचित सोडून ते उलटं सरकू द्यावं लागतं, आणि नवखा नेमकं तेच करत नाही.

मग सगळ्यात अवघड कुलूप कोणतं? या प्रश्नाचा इतिहास खरं तर कुलपांचा कमी आणि ‘उघडलं’ या एका शब्दाचा जास्त आहे.

लंडनच्या पिकाडिलीत एका दुकानाच्या खिडकीत कित्येक दशकं एक कुलूप आव्हान म्हणून ठेवलेलं होतं. उघडणाऱ्याला २०० गिनी. १८५१ मध्ये एका अमेरिकी कुलूपकाराने ते उघडलं. त्याच मुक्कामात त्याने १८१८ पासून नावाजलेलं ‘डिटेक्टर’ कुलूपही सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखवलं होतं. एखादा लिव्हर गरजेपेक्षा जास्त उचलला की ते कुलूप जाम व्हायचं, म्हणजे कोणीतरी हात लावल्याचं मालकाला कळायचं. गंमत अशी, की कोणता लिव्हर जास्त उचलला गेला हे त्याच जाम होण्यातून उघडणाऱ्यालाही कळायचं.

पिकाडिलीच्या कुलपाला ५१ तास लागले, तेही १६ दिवसांत विभागून. आतली स्प्रिंग इतकी ताठ होती की ती हाताने दाबून धरून पट्ट्या चाचपणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने कुलपाच्या लाकडी चौकटीला एक यंत्रणा पक्की बसवली आणि ती दिवसेंदिवस तशीच ठेवली. कुलूप बनवणाऱ्या कंपनीचा आक्षेप यावरच होता: कोणत्या चोराला अशी सवड मिळते? पंचांनी कुलूप उघडलं असाच निकाल दिला आणि पैसे द्यावे लागले. आमच्या मते निकाल योग्यच होता. आव्हान कुलपाला होतं, चोराला नव्हे. वेळ आणि अवजार यांवर बंधन घालायचं होतं तर ते फलकावर लिहायला हवं होतं.

पुढची शंभरेक वर्षं झपाट्याने ओलांडायला हरकत नाही, कारण हा छंद म्हणून उभा राहिला तो अगदी अलीकडे. १९९७ मध्ये हॅम्बुर्गमध्ये अशा मंडळींचा क्लब निघाला, मग नेदरलँड्स, अमेरिका. दोन नियम सगळीकडे रूढ झाले: कुलूप स्वतःचंच हवं आणि ते वापरात असता कामा नये. पुढे कुलपांची अवघडपणानुसार यादी झाली, उघडणाऱ्याला ज्यूदोसारखे रंगीत पट्टे मिळू लागले, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, आणि त्यांच्याबरोबर ‘उघडलं’ कशाला म्हणायचं हा जुना वाद परतला.

आज सर्वमान्य पद्धत अशी आहे: न तोडलेल्या एकाच चित्रीकरणात कुलूप बंद असल्याचं दाखवायचं, उघडायचं आणि तिथेच खोलून आतले सगळे भाग टेबलावर मांडायचे. शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची. दोन पिना काढून टाकलेलं कुलूप बाहेरून हुबेहूब तसंच दिसतं. खोलून दाखवलं नसेल तर ते उघडलं असं मानूच नये. पण त्यापुढे मतं फुटतात. आधी खोलून आतली मापं पाहिलेली चालतात का? एकाच मॉडेलसाठी घडवलेलं अवजार चालतं का? आपल्याकडे बाजारात फुटपाथवर बसणारा चावीवाला कोऱ्या चावीला काजळी धरतो, ती कुलपात घालून पिळतो, उमटलेल्या खुणांवर कानस मारतो, पुन्हा काजळी धरतो आणि चावी तयार करतो. हात असामान्य, पण शेवटी कुलूप चावीनेच उघडलं. त्याची स्पर्धा वेगळी घेतात, आणि तेच बरोबर आहे.

अवजाराचा वाद सर्वात तापला तो चकत्यांच्या कुलपांवर. १९०७ मध्ये फिनलंडमध्ये शोध लागलेल्या अ‍ॅब्लॉय कुलपात पिना नाहीत, स्प्रिंगही नाही. एकामागे एक चकत्या. प्रत्येकीच्या कडेला एक खरी खाच आणि बहुधा काही उथळ, फसव्या. सगळ्या खऱ्या खाचा एका रेषेत आल्या की साइडबार, म्हणजे सिलिंडर अडवून धरणारी पट्टी, आत पडतो. उघडताना एका चकतीवर टेन्शन धरून बाकीच्या एकेक फिरवायच्या. साइडबार अडून राहिला तर पुन्हा फेरी मारायची: खऱ्या खाचेतली चकती किंचित मोकळी हलते, फसव्या खाचेतली घट्ट धरलेली लागते.

या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या, त्याच कंपनीच्या प्रोटेक कुलपाने हा संवादच तोडला. त्यात टेन्शन दिलं की चकत्या जखडतात, म्हणजे हाताला जे कळायचं तेच बंद. चकत्या टेन्शनशिवाय नेमक्या कोनात लावायच्या, टेन्शन देऊन पाहायचं, सोडायचं, पुन्हा लावायच्या. हे बाजारातल्या पिकने, म्हणजे कुलपात घालायच्या बारीक हत्याराने, होत नाही. नळीत बसणारा दांडा, त्याला बारीक टोक आणि मागे कोन दाखवणारी तबकडी असं अवजार लागतं. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये असं काम अशक्य नाही, पण चूक एकाच ठिकाणी होते. माइल्ड स्टीलचं टोक मुरगळतं म्हणून सिल्व्हर स्टील (कडक करता येणारं पोलाद) घेऊन हार्डनिंग करतात. टोक टिकतं, पण दांड्याचा पीळ तेवढाच राहतो. तबकडी एक कोन दाखवते आणि टोक मागेच असतं. पीळ कमी होतो तो जाडीने: व्यास पाचव्या हिश्शाने वाढवला तर तो जवळपास निम्मा होतो. आणि व्यासाला चावीच्या भोकाची हद्द आहे. इतका विचार करून घडवलेल्या अवजाराला ‘फसवणूक’ म्हणणं आम्हाला पटत नाही.

खरा पेच चुंबकी कुलपांचा. ऑस्ट्रियन एव्हा एमसीएसच्या चावीत चार चुंबक असतात आणि ते कुलपातल्या छोट्या चक्रांना स्पर्श न करता फिरवतात. पिकच्या टोकाने चाचपायला तिथे काहीच नाही. चुंबकांची रांग लावूनच जर ते उघडायचं, तर ते अवजार की दुसरी चावी? आमचं मत असं: चुंबकांची दिशा कुलपाच्या आत असतानाच बदलता येत असेल, तर ते अवजार. प्रत्येक प्रयत्नाला बाहेर काढून बदलावी लागत असेल, तर ती चावीवाल्याची कोरी चावीच, फक्त काजळीशिवायची.