खांद्याची निगा व व्यायाम

खांद्याच्या सांध्याला इजा होऊ नये म्हणून रोजच्या कामात घ्यायची काळजी आणि त्याभोवतीचे स्नायू बळकट ठेवणारे व्यायाम. शरीरातला हा सर्वांत मोकळा फिरणारा सांधा, आणि म्हणूनच सहज दुखावणारा. दंडाच्या हाडाचा गोल माथा खवाट्याच्या ज्या खोबणीत टेकतो ती फार उथळ आहे. खुब्याला मिळतो तसा हाडाचा आधार इथे नाही. माथा जागेवर धरतात ते मुख्यतः ‘रोटेटर कफ’ म्हणून ओळखले जाणारे चार लहान स्नायू. त्यांतल्या वरच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, जेमतेम सेंटीमीटरभर उंचीच्या फटीतून जाते. हात डोक्यावर नेला की फट आवळते, कंडरा घासते, सुजते आणि वर्षानुवर्षे तेच चालले तर झिजून फाटते.

खानदेशात हे फार जवळून दिसते. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात कापणीचा मजूर वीसेक किलोचा घड एकाच खांद्यावर घेऊन बांधापर्यंत जातो, दिवसभर. घडाला पिशवी चढवायची, केळफूल काढायचे तर हात सतत वर. कपाशीवर फवारणीचा 16 लिटरचा पंप भरला की पट्टे खांद्यात रुततात. घरातही सुटका नाही: बिबडे, पापड, खापरावरचे मांडे, सगळा भार बायकांच्या हातांवर.

काम थांबवता येत नाही, पद्धत बदलता येते. घडाखाली जाड चुंबळ किंवा गादी घ्यावी, दर काही खेपांनी खांदा बदलावा, वाट लांब असेल तर हातगाडी वापरावी. मालकाने गाडी पुरवणे हा खर्च नव्हे, मजुराचा हक्क आहे. पंपाचे दोन्ही पट्टे सारखे आवळावेत आणि टाकी अर्धीच भरावी. उंचावरच्या कामाला तिवई घ्यावी, म्हणजे कोपर खांद्याच्या वर जात नाही. दुखऱ्या कुशीवर झोपू नये.

व्यायामांत सर्वांत मोलाचा, आणि सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे हात बाहेर फिरवण्याचा. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधावी, कोपर काटकोनात वाकवून बरगडीला चिकटवावे आणि पंजा सावकाश बाहेर ओढून तितक्याच सावकाश परत आणावा. 10 ते 15 वेळा. तालमीत दंड-जोर मारणाऱ्या पोरांना हे किरकोळ वाटते. पण जोरांनी छाती भरते, खांदे पुढे ओढले जातात, आणि मागचे लहान स्नायू कच्चेच राहतात. त्यांच्यासाठी तर हा व्यायाम हवाच. जोडीला दोन्ही खवाटे मागे ओढून पाच मोजेपर्यंत धरावेत, बोटांनी भिंत चढावी, पुढे वाकून हात सैल झुलवावा. ताण जाणवला तर चालेल, कळ येता कामा नये.

मधुमेह्यांनी विशेष जपावे. त्यांच्यात खांदा आखडण्याचे, म्हणजे ‘फ्रोझन शोल्डर’चे प्रमाण जास्त असते, तो बहुधा 40 ते 60 या वयात होतो आणि सुटायला एक ते तीन वर्षेही लागतात. दुखतो म्हणून हात गळ्यात बांधून ठेवला तर सांधा आणखी आखडतो.

पडल्यावर खांद्याचा आकार बदलला, हात उचलेना किंवा बोटे बधिर झाली तर कोणालाही तो ओढून बसवू देऊ नये; नस तुटण्याचा किंवा हाड मोडण्याचा धोका असतो. झोळीत आधार देऊन रुग्णालयात न्यावे. डाव्या खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. तिथे मालिश करत बसू नये, लगेच 108 ला फोन करावा.