आयएमसीआय आणि आयएमएनसीआय: मूळ तक्ता आणि आपला तक्ता

बालआरोग्याच्या प्रशिक्षणात आयएमसीआय (बालपणीच्या आजारांचं एकात्मिक व्यवस्थापन) आणि आयएमएनसीआय (नवजात आणि बालपणीच्या आजारांचं एकात्मिक व्यवस्थापन) ही दोन नावं बऱ्याचदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. मधला ‘एन’ नवजात बाळाचा, तेवढा एक विषय वाढवला की झालं, असा समज असतो. प्रत्यक्षात पहिली आहे जगभरासाठी केलेली मार्गदर्शिका आणि दुसरी तिची भारतासाठी बदललेली आवृत्ती. हा बदल वरवरचा नाही.

आयएमसीआय जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात आणली. त्यामागचा विचार सरळ होता. खोकला म्हणून आणलेल्या मुलाला जुलाबही असतात, ते कुपोषितही असतं, त्याची लसही चुकलेली असते. म्हणून एकेक आजार वेगळा न बघता आख्खं मूल बघायचं. मार्गदर्शिकेच्या तक्त्यात लक्षणांवरून तीन रंग ठरतात: गुलाबी म्हणजे ताबडतोब रुग्णालयात, पिवळा म्हणजे इथेच औषधोपचार, हिरवा म्हणजे घरी काळजी. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही. घड्याळ लावून श्वास मोजायचे आणि नीट बघायचं. वयाची मर्यादा होती एक आठवडा ते पाच वर्षं.

अडचण होती ती त्या ‘एक आठवडा’ शब्दांत. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच जातात, म्हणजे नेमक्या त्याच दिवसांवर तक्ता गप्प. शिवाय तो दवाखान्यात बसून आजारी मुलाची वाट बघणारा. भारतात तेव्हा निम्म्याहून जास्त बाळंतपणं घरी होत होती आणि अनेक घरांत बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नसे. अशा बाळापर्यंत हा तक्ता पोहोचणार कसा?

२००३ मध्ये आयएमएनसीआय आली तेव्हा बदल याच ठिकाणी झाले. वय जन्मापासून मोजलं जाऊ लागलं. घरभेटी आल्या: पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी, आणि कमी वजनाच्या बाळाकडे त्यानंतर आणखी तीन. एएनएम (गावपातळीवरची परिचारिका) आणि अंगणवाडीताईंसाठी वेगळं प्रशिक्षण तयार झालं. अकरा दिवसांचा अभ्यासक्रम आठ दिवसांवर आला, पण दोन महिन्यांपर्यंतच्या बाळांना दोनऐवजी चार दिवस मिळाले आणि तेच आधी शिकवायचं ठरलं. आहाराच्या सल्ल्यात घट्ट वरणात कुस्करलेली पोळी, तूप घातलेली खिचडी आली. गंमत म्हणजे स्थानिक रूप म्हटलं की लोकांना हे खिचडीचं पानच आठवतं, आणि सगळ्यात सोपा बदल तोच होता.

श्वास जलद कधी म्हणायचा, ते आकडे मात्र जागचे हलले नाहीत. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. बाळाचं फुप्फुस नंदुरबारचं असो की नैरोबीचं, न्यूमोनियात ते सारखंच वागतं. गुलाबी खुणा दिसल्या की पाठवायचं, हेही कायम. कोण बघणार, कुठे, कधी, कोणत्या क्रमाने आणि काय खाऊ घालणार हे गावाप्रमाणे बदलू शकतं. ‘आमच्याकडे गाडी वेळेवर मिळत नाही’ म्हणून गुलाबीला पिवळं करणं हा स्थानिक बदल नव्हे, ती ढिलाई. आणि नुसतं मराठीत छापून घेणं हा तर बदलच नव्हे.

पण गाडी खरंच मिळाली नाही तर? याचं उत्तर गडचिरोलीत शोधलं गेलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यात जंतुदोष ओळखणं आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणंही होतं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. गुलाबी खूण तिथेही गुलाबीच होती, उपचार घरापर्यंत नेले गेले.

पुढे २०११ मध्ये आशांमार्फत घरगुती नवजात काळजी देशभर गेली. भेटी ४२ दिवसांपर्यंत वाढल्या, इंजेक्शन मात्र आशाताईंच्या हाती दिलं नाही. २०१४ मध्ये रुग्णालयात पाठवणं शक्य नसेल अशा ठराविक परिस्थितीत एएनएमला जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली. देशभराच्या कार्यक्रमात अशी सावधगिरी मला समजते. पण मग गडचिरोलीचा आकडा त्या कार्यक्रमाच्या नावावर मांडू नये. ज्या गोष्टींनी तो आला त्यातली एक मोठी गोष्ट वगळली आहे.

हाती आलेली पुस्तिका मूळ की आपली, हे हल्ली वयावरून ओळखता येत नाही, कारण पुढे मूळ आवृत्तीनेही पहिला आठवडा सामावून घेतला. घरभेटींचा भाग आणि नवजात बाळ आधी शिकवण्याचा क्रम बघा. ते दोन्ही असेल तर पुस्तिका इथली.