क्लिपखालचा गंज आणि एअर घेणारा ट्रक

कोकण किनाऱ्यावर धावणारा जुना डिझेल ट्रक पहाटे एका स्टार्टला उठत नाही, हातपंप मारून इंधनाच्या नळीतली एअर, म्हणजे आत शिरलेली हवा, काढली की दिवसभर तक्रार न करता चालतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तसाच अडतो. अशा वेळी मालक आधी बॅटरीवर, मग नोझलवर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) आणि शेवटी पंपावर खर्च करतो. दोष मात्र पुष्कळदा टाकीपासून इंजिनापर्यंत चेसिसच्या कडेने गेलेल्या पोलादी नळीत असतो, आणि तोही ती नळी धरून ठेवणाऱ्या एखाद्या क्लिपच्या खाली. जमिनीवर डिझेलचा थेंबही पडलेला नसल्यामुळे त्या नळीवर कोणाचा संशय जात नाही.

थेंब का पडत नाही, याचे उत्तर नळीतल्या दाबात आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रकमध्ये डिझेल पुढे नेणारा फीड पंप इंजिनाला बसवलेला असतो आणि तो टाकीतले डिझेल ओढून घेतो, म्हणजे टाकी ते फीड पंप या टप्प्यात नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. शहाळ्यात घातलेल्या नळीला वरच्या बाजूला चीर गेली की पाण्याऐवजी हवाच तोंडात येते, तसेच येथे घडते: सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. फीड पंपाच्या पुढे, फिल्टरपासून मुख्य पंपापर्यंत, दाब हवेपेक्षा जास्त असतो आणि तेथील गळती ओल्या डागाने लगेच उघडी पडते. म्हणून नळी ओली असणे आणि ट्रकने एअर घेणे ही दोन लक्षणे दोन वेगळ्या टप्प्यांकडे बोट दाखवतात.

आत शिरलेली हवा लहानसा बुडबुडा असली तरी इंजिनाला भारी पडते. जुन्या पद्धतीचे नोझल उघडण्यासाठी साधारण 200 बार दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबतच नसल्याने मुख्य पंपाच्या प्लंजरचा (आतल्या दट्ट्याचा) धक्का थेट नोझलपर्यंत पोहोचतो. मध्ये हवा आली की तो धक्का हवा दाबण्यातच संपतो आणि नोझल बंदच राहते. रात्री ट्रक उभा असताना त्याच छिद्रातून हवा येऊन नळीतले डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते, आणि म्हणूनच तक्रार नेमकी पहाटेची असते.

आता गंजाकडे वळू. लोखंड गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. धातूच्या एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात विरघळतात आणि दुसऱ्या जागी हवेतला ऑक्सिजन व पाणी ते इलेक्ट्रॉन स्वीकारतात. या दोन जागांना जोडणारी ओल जितकी खारट, तितका विजेचा मार्ग सुकर. साधे मीठ सुमारे 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेतही ओलावा धरून ठेवते, त्यामुळे पाऊस नसलेल्या दिवशीही चेसिसवरचा खारट थर पूर्ण सुकत नाही. त्यात मासळीची वाहतूक करणाऱ्या गाडीच्या हौद्यातून वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी सतत नळ्यांवर ठिबकत असेल, तर गंजाला आणखी काही नको.

तरीही नळी सगळीकडे सारखी खाल्ली जात नाही, आणि या विषयातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. केंब्रिज विद्यापीठातील युलिक रिचर्डसन इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात स्वच्छ लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून हे दाखवले. थेंबात फिनॉल्फ्थॅलिन आणि पोटॅशियम फेरीसायनाइड मिसळले, की थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी आणि मध्यभाग निळा होतो. गुलाबी रंग म्हणजे ऑक्सिजन जेथे खर्ची पडतो ती जागा, निळा म्हणजे लोखंड जेथे विरघळते ती. हवा कडेला सहज पोहोचते, मध्यभागी पोहोचत नाही, आणि धातू खाल्ला जातो तो मध्यभागी. तांबूस गंजाचे कडे या दोहोंच्या मध्ये उमटते.

क्लिपखाली नेमकी हीच स्थिती असते. क्लिप आणि नळी यांच्या फटीत खारट चिखल अडकतो, तेथे ऑक्सिजन पोहोचत नाही आणि बाहेर उघड्या असलेल्या लांबलचक नळीच्या तुलनेत तो इवलासा भाग विरघळणारे टोक बनतो. क्लोराइड आयन फटीत ओढले जातात आणि आतले पाणी आम्ल होत जाते. शिवाय गाडीच्या थरथरीने क्लिप नळीवरचा जस्ताचा थर आधीच घासून काढते. सुमारे एक मिलीमीटर जाडीच्या भिंतीला एवढे पुरेसे आहे. म्हणून क्लिप न सोडता केलेल्या नळीच्या तपासणीला अर्थ नाही. बाहेरून तांबूस दिसणारी नळी कधी आतून ठणठणीत निघते आणि स्वच्छ दिसणाऱ्या नळीला क्लिपखाली भोक असते.

खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी जोडून इंजिन चालू करणे. बुडबुडे वाहताना दिसले, तर हवा टाकीच्या बाजूनेच येत आहे. मग नळी दोन्ही टोकांनी सोडवून एक टोक बंद करावे, दुसऱ्या टोकातून अगदी हलक्या दाबाची हवा द्यावी आणि बाहेरून साबणाचे पाणी लावावे.

भोक सापडल्यावर तेवढा तुकडा कापून मध्ये रबरी नळी चढवण्याचा मोह होतो. तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. कापलेल्या गुळगुळीत टोकावरून रबरी नळी सरकते, साधी पाण्याची नळी डिझेलने फुगून मऊ होते आणि ओढीच्या दाबाने चेपते. मुख्य म्हणजे उरलेल्या क्लिपांखालीही तीच प्रक्रिया चालू असते. टाकी ते फीड पंप हा टप्पा सबंध बदलणे शेवटी स्वस्त पडते. नवी पोलादी नळी हॅक्सॉने न कापता पाइप कटरने कापावी, कारण हॅक्सॉचा कीस थेट आत जातो. वाहनांसाठीची नायलॉन नळी गंजत नाही, पण ती सायलेन्सरपासून लांब हवी. तांब्याची नळी वाकवायला सोपी असली तरी तांबे डिझेलचे ऑक्सिडीकरण वाढवून चिकट गाळ तयार करते आणि थरथरीने कडक होऊन तडकते. बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर मात्र लहान असल्याने चालतात, आणि ते दर वेळी नवे घालावेत.

मुख्य पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या जाड नळ्यांना हा कोणताही उपाय लागू नाही. त्या गंजल्या तर मूळ मापाच्या नव्याच घालाव्यात. त्यांची गळती हाताने चाचपू नये, कारण त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते आणि अशा जखमेला तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. टाकीजवळ गॅसची बत्ती किंवा वेल्डिंगही नको: भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, किमान 35 अंश सेल्सिअस असतो, आणि मे महिन्याच्या उन्हात टाकी तेवढी सहज तापते.

नवी नळी बसवताना प्रत्येक क्लिपला अखंड रबरी अस्तर असावे आणि क्लिपचे तोंड खाली यावे, म्हणजे पाणी साचत नाही. माल उतरवल्यानंतर चेसिस गोड्या पाण्याने खालून धुवावी. जळके ऑइल फवारण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, पण मीठ न धुता फवारले तर ते मीठ ऑइलच्या थराखाली तसेच राहते आणि रबरी बुश फुगतात ते वेगळेच.